गोधडीकाका आणि सईचं दुपटं

गोधडीकाकांना दवाखान्यात जायला फार आवडायचं. तब्येत ठणठणीत होती, पण दवाखान्यात बसून शिवायची म्हणून त्यांनी एक गोधडी वेगळी काढली होती आणि ती दुसरीकडे कुठेही शिवायची नाही असा त्यांचा नियम होता. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी त्यांना काहीतरी व्हावंच लागे. साथ आली, बाकडी भरली की काका खूश. एकदा त्यांचा नंबर लवकर आला, तर त्यांनी मागच्या बाईंना पुढे सोडलं, मग त्यांच्यामागच्या आजोबांना, मग आणखी तिघांना. शेवटी डॉक्टरच बाहेर आले.

"काका, तुम्हाला नक्की काय होतंय?"

"काही नाही हो. काठाच्या दोन ओळी राहिल्यात. तुमचं चालू द्या."

काका आमचे घरमालक. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू. काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं खरं आडनाव पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. पार्सल घेऊन येणारा मुलगासुद्धा खालूनच ओरडायचा, "गोधडीकाका, ओटीपी सांगा!"

त्यांच्या व्हरांड्यात भिंतीला ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी. पिशवीवर दोऱ्याने नाव भरलेलं: दवाखाना, रिक्षा, दूध, पाहुणे. दूध तापेपर्यंत शिवायची ती दुधाची गोधडी. ती भराभर पुढे सरकायची आणि दूध रोज उतू जायचं. काकू एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा आवाज अजून शाळेतून निवृत्त झाला नव्हता. "अहो! दूध!" ही त्यांची हाक गल्लीत सकाळच्या भोंग्यासारखी ऐकू यायची.

पाहुण्यांच्या पिशवीची गोष्ट मला उशिरा कळली. मी पहिल्यांदा नळ गळतोय हे सांगायला खाली गेले, तेव्हा काकांनी लगबगीने उठून ती पिशवी काढली. मला वाटलं, काय हा मान! तासभर बसले. वर्षभराने काकूंनी सांगितलं, "अगं, कंटाळवाणं माणूस आलं की ते ती काढतात." पुढे कधीतरी मी गेल्यावर काकांनी हातात काहीच घेतलं नाही आणि नुसत्या गप्पा मारल्या, त्या दिवशी मी वर येऊन नवऱ्याला पेढा दिला.

"एक पुरी करून मग दुसरी का घेत नाही?" असं त्यांना विचारायची सोय नव्हती. "मी सरकारी नोकरीत होतो," ते म्हणायचे. "टेबलावर एकच फाईल असलेला कारकून बघितलाय का कधी?" पण खरं कारण इगतपुरीचं होतं. बालपण तिथलं. तिथल्या पावसात गोधडी म्हणून वाळायची नाही. "एक ओली, एक दमट आणि एक अंगावर," काका सांगायचे. "एका गोधडीवर जगणारा माणूस इगतपुरीत टिकत नाही." त्यांची आई सारखी शिवत असे आणि हाताशी मुलगी नव्हती, म्हणून सुई काकांच्या हातात आली, ती कायमची.

मला दिवस गेले तेव्हा काकांनी आपणहून जाहीर केलं, "बाळाचं दुपटं माझ्याकडे." माझ्या दोन जुन्या सुती साड्या घेऊन गेले, नवी पिशवी शिवली, नवा खिळा ठोकला. बाळ आलं. मुलगी, सई. दुपटं आलं नाही. बारशाला विचारलं, तर म्हणाले, "प्रकरण विचाराधीन आहे." सई पालथी पडायला लागली, तेव्हा ते माप घ्यायला टेप घेऊन वर आले आणि हळहळले, "ही तर वाढली की! आता चारी बाजूंनी काठ लावावा लागेल." काठ पुरा होईपर्यंत ती चालायला लागली. पुन्हा टेप, पुन्हा काठ. बालवाडीत गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, आता त्याला दुपटं म्हणू नका. पोरीच्या लग्नात सतरंजी म्हणून अंथरू."

सईला ते 'सुई' म्हणायचे. त्यामुळे एकदा माझा जीव जायची वेळ आली होती. दुपारी खालून काकांची आरोळी आली, "सुई हरवली! सगळीकडे बघितलं, कुठेच नाही!" मी हातातली कणीक तशीच घेऊन अनवाणी जिना उतरले. बघते तर सई त्यांच्या शेजारी बसून पेरू खातेय आणि काका पलंगाखाली शोधतायत. मी रडायलाच लागले. काका बाहेर येऊन म्हणाले, "रडू नकोस गं, दुसरी आहे माझ्याकडे."

पण कहर झाला तो गल्लीतल्या एका लग्नात. काका कार्यालयातही पिशवी घेऊन आले होते. मंगलाष्टकं लांबली तसे ते धावदोऱ्यात रमले. शेजारच्या खुर्चीवर नवऱ्या मुलाची आत्या, सटाण्याहून आलेली, चांगली धिप्पाड. "शुभमंगल सावधान" झालं, आत्याबाई अक्षता टाकायला उठल्या आणि त्यांच्या पदरामागोमाग अख्खी गोधडी उठली. गोधडीमागोमाग काका.

"मनी साडी कोन वढी ऱ्हायना?" आत्याबाई गरजल्या. वाजंत्री थांबली. काकांनी तिथेच गुडघ्यावर बसून पदर उसवायला घेतला. आत्याबाईंनी काठ डोळ्यांजवळ नेला, टाके निरखले आणि म्हणाल्या, "पन टाका बारीक शे बरं!" जेवणाच्या पंगतीत त्यांनी काकांकडून नातवासाठी गोधडीचा शब्द घेतला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात आणखी एक खिळा.

सई सहा वर्षांची झाली आणि नवऱ्याची कोल्हापूरला बदली झाली. दहा दिवसांत निघायचं होतं. मी खाली सांगायला गेले. काका उठले, एकेक पिशवी खिळ्यावरून काढली, सगळ्या ट्रंकेत घातल्या आणि कुलूप लावलं. भिंतीवर एकच पिशवी राहिली, सईची. दुसऱ्या सकाळी दूध उतू गेलं नाही. काकू मला हळूच म्हणाल्या, "घर कसं परक्यासारखं वाटतंय गं."

चौथ्या दिवशी काकांच्या अंगठ्यात सुई खोल घुसली. अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं दुखणं घेऊन आणि रिकाम्या हाताने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि आठ दिवस सुई धरायची नाही म्हणून सांगितलं. परत आल्यावर ते पायरीवर बसून राहिले. सईच्या गोधडीचा मधला चौकोन अजून टाक्यांविना पुरता मोकळा होता.

"मी शिवू का थोडं?" मी विचारलं.

काकांनी आजवर कुणाला आपल्या गोधडीला हात लावू दिला नव्हता. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "टाके मोठे घालू नकोस."

गच्चीवर चटया पसरल्या. मी बसले, समोरच्या घरातल्या दोघी जावा आल्या, भाजीवाल्या ताराबाई दुपारी टोपली झाकून आल्या. काका पट्टी बांधलेला अंगठा वर धरून आमच्याभोवती फेऱ्या मारत होते, पंचासारखे. "ओढू नका! सुरकुती येतेय! ताराबाई, ती मेथीची जुडी नाही, दोरा जरा सैल सोडा!" ताराबाई म्हणाल्या, "लय बोलता तुम्ही, काका. दोरा गुतला माझा."

शेवटच्या दुपारी काकू वर आल्या. आयुष्यात त्यांनी बटणसुद्धा लावलेलं नव्हतं. लग्न ठरतानाच त्यांनी तसं सांगून टाकलं होतं म्हणे. त्यांनी सुई मागितली. काका घाबरले. "तुला जमायचं नाही गं ते."

"मी शाळेत पोरांना पट्टीशिवाय सरळ रेषा मारायला शिकवलंय," काकू म्हणाल्या आणि बसल्या. ओळ पुरी व्हायला तास गेला. ती पंचवटीतून निघून, वळसे घेत, थेट सटाण्याला पोचली होती. एक टाका तिरका गेला तर दहा ओळी उसवणारा हा माणूस. काका चष्मा लावून वाकले आणि त्या ओळीवरून डावा हात फिरवत राहिले.

"उसवा हवं तर," काकू म्हणाल्या. "वाकडी आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. "राहू दे. सईला न सांगता कळेल, ही कुणाची ते."

काकू उठल्या आणि सगळ्यांना चहा करायला खाली गेल्या. चहात साखर दोनदा पडली होती. सगळ्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला. काकांनी गोधडी घडी करून सईच्या हातात दिली. ती तिला डोळ्यांपर्यंत आली. "मशीनमध्ये धुवायची नाही," ते मला म्हणाले. "उन्हात उलटी टाकायची. पिळायची नाही." मी मान हलवत होते. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. मशीनमध्ये नाही, उन्हात उलटी. तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा काकूंनी त्यांचा दंड धरला. सईने गोधडीआडून मान काढून त्यांच्या पट्टीवर फुंकर घातली. तेव्हा मात्र काका वळले आणि व्हरांड्यात जाऊन रिकामे खिळे घट्ट आहेत का ते बघत बसले.

कोल्हापुरात सईने पहिल्या रात्रीपासून ती गोधडी सोडली नाही. तळहाताने ती काकूंची ओळ शोधून काढते आणि तिच्यावर बोट फिरवत झोपते.

गेल्या महिन्यात मला नाशिकहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. आमच्या जागी आलेली नवी भाडेकरू. आवाज काळजीतला.

"ताई, तुम्ही सहा-सात वर्षं राहिलात ना इथे? घरमालक कसे आहेत हो? म्हणजे स्वभावाने चांगले आहेत, पण आमच्या लग्नाला आत्ता दोन महिने झालेत आणि काल ते विचारायला आले, बाळाला कुठला रंग आवडेल. बाहेर एक खिळापण ठोकलाय. आम्ही काय करायचं?"

मला इतकं हसू आलं की फोन खाली ठेवावा लागला. हसता हसता डोळे पुसले आणि तिला सांगितलं, "घरात मऊ, जुन्या सुती साड्या असतील तर देऊन टाक. आणि आत्ताच दे. त्यांना जरा वेळ लागतो."