अंजिरी खणाच्या तीन गाठी

गवराबाईला देवानं डोळे दोनच दिले होते, पण काम ती चारांचं घ्यायची. दापोडीत रेल्वेच्या कडेला वीसेक बिऱ्हाडांची बैठी चाळ होती. त्या चाळीत कुणाच्या लुगड्याचा पदर कुठं विरलाय, कुणाचा तवा फुटलाय, कुणाची सून माहेरच्या आठवणीनं जेवत नाही, हे सगळं त्या त्या घरच्या माणसांच्या आधी गवराबाईला कळे. ती मूळची खटावकडची. नवरा ज्योतीराम एस. टी.च्या वर्कशॉपात सुतारकामाला लागला, म्हणून पन्नास साली ती इथं आली.

अशा नजरेच्या बाईनं भेट द्यायची म्हटल्यावर ती चुकेल कशी? दिवाळी महिन्यावर आली की गवराबाई मनातल्या मनात याद्या करायची. पुनावळ्याच्या नणंदेच्या गुडघ्यांना गारठा सोसत नाही, तिला घोंगडीची बसकर. भाऊ उन्हात भाजी विकतो, त्याला नुसता पटका नको, चांगला घाम टिपणारा पंचा. आणि चाळीतल्या चार-पाच सवाष्णींना फराळाच्या ताटात एकेक चोळीचा खण. तोही कसा, तर जिच्या अंगाला जो रंग खुलेल तोच. खडकीच्या बाजारातला कापडवाला तिला बघून कपाळावर हात मारून घ्यायचा. ती खणाचा कोपरा थुंकीनं ओला करून तळहातावर घासायची, दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायची आणि वर विचारायची, "मागल्या सालचा माल न्हाई ना गळ्यात मारत?"

"बाई, आईची आण. पक्का रंग हाय."

"आईला कशाला मधी घेतोस? म्हंजे काय तरी गडबड हायच."

हा संशय तिच्या अंगात उगाच शिरला नव्हता. नवी नवरी होती तेव्हा आईनं दिलेला हिरवाकंच खण तिनं मोठ्या हौसेनं थोरल्या जावेला दिला. संक्रांतीला तोच खण तिसऱ्याच बाईनं गवराबाईच्या ओटीत घातला. कडेला तिच्याच बोटाचा हळदीचा डाग होता, म्हणून ओळखला. खरं सांगायचं तर आपल्याकडं खण हा असाच गावभर फिरतो. एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत जातो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण गवराबाईला वाटलं, आणि एवढं वाटलं की दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखी ती जन्मभर ताक फुंकत बसली.

तिनं युक्ती काढली. देण्याआधी प्रत्येक खणाच्या आतल्या कोपऱ्यात, घडीत लपेल अशी, काळ्या दोऱ्याची एक बारीक शिवण घालायची आणि तिच्यावर तीन गाठी मारायच्या. काळाच दोरा का, तर तो कुठल्याही रंगावर झटकन ओळखू येतो. मग डोळे उघडे ठेवून बसायचं. कुणी चोळी शिवून घातली तर ती आपली. नाहीतर खण फिरत फिरत कुठं ना कुठं दिसायचाच. दापोडीतल्या पाच दिवाळ्यांत तिनं असे सोळा खण दिले आणि सोळांतला एकही कुणाच्या अंगावर चढला नाही. एक खण तर बोहारणीच्या पाटीत निघाला. दरवर्षी एकेका घराशी तिचं बोलणं तुटत गेलं. जगावर संशय घेणाऱ्या या बाईला आपल्याच दोऱ्याचा संशय कधी आला नाही, याला काय म्हणावं!

सगळ्यांत मिळून एकच घर उरलं होतं, भिंतीला भिंत लागून असलेलं अंबूबाईचं.

अंबूबाई पंचविशीची, चाकणकडच्या एका वाडीतली. नवरा गिरणीत जायचा आणि घरात सासू छबूबाई. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली. गवराबाईला ती आक्का म्हणायची. गवराबाईनं तिला आजवर खण दिलाच नव्हता. का दिला नव्हता, तर द्यायची भीती वाटायची. तीन वर्षांपूर्वी अंबूबाईच्या हाताला फोड आलेले दिसले आणि जात्याचा खुंटा हलतोय हे गवराबाईच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं ज्योतीरामाला सांगून बाभळीचा घोटीव खुंटा करून घेतला होता. पुढच्या दिवाळीला मोरावळ्याची बरणी दिली. तिसऱ्या वर्षी पाण्याच्या घागरीला नवी चुंबळ. पण खुंटा काही कुणाच्या ओटीत घालता येत नाही, तेव्हा तो ठेवला यात काय मोठेपणा? गवराबाई असं म्हणायची आणि स्वतःच उदास व्हायची.

छप्पन सालच्या दिवाळीला मात्र तिनं ठरवलं, आता काय तो सोक्षमोक्ष लावायचा. अंबूबाई तरी आपली आहे का, हे एकदा कळलंच पाहिजे. तीही तसलीच निघाली तर या चाळीत कुणाचं तोंड बघायचं नाही.

खण शोधायला तिला पंधरा दिवस लागले. कधीतरी कपडे धुताना अंबूबाई बोलून गेली होती, "माज्या आईची एक अंजिरी चोळी व्हती. ती गेली, तवा तिच्याच अंगावर घालून नेली." एवढंच. पण गवराबाईनं ते गाठीला बांधलं होतं. खडकीत मिळाला नाही, म्हणून पुण्याला दोनदा चालत जाऊन तिनं पेठेतनं अंजिरी खण आणला. काठाला पिवळी बारीक नक्षी. घरी आल्यावर सुई हातात घेऊन ती बराच वेळ बसली. ज्योतीराम म्हणाला, "अगं, एवढ्या मायेनं आणलास, तर दे की तसाच."

"आन् कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"तुमी रंधा मारा," असं म्हणून तिनं तीन गाठी मारल्या.

पाडव्याच्या सकाळी फराळाचं ताट घेऊन ती गेली. अंबूबाईनं वरचा रुमाल बाजूला केला आणि तिचे डोळे भरून आले. "आक्का," एवढंच म्हणाली. गवराबाईच्या पोटात आनंद मावेना. पण घरी येता येता मनात पाल चुकचुकली: जरा जास्तच लवकर नाही का आलं हिच्या डोळ्यांत पाणी?

त्यानंतर गवराबाईचं सगळं चित्त शेजारच्या दारावर. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, अंजिरी चोळी काही दिसेना. उलट अंबूबाईच बदलली. नळावर उशिरा यायची, गर्दी सरल्यावर. अंगभर पदर लपेटून घ्यायची. गवराबाई समोर आली की हसायची खरी, पण नजर खाली. चोराच्या मनात चांदणं, गवराबाईनं निकाल देऊन टाकला. एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "चोळी शिवाया टाकली का गं?"

"टाकनार हाय, आक्का."

"कुनाकडं?"

अंबूबाई घागर उचलून निघून गेली. भरल्या घागरीतलं अर्धं पाणी सांडलं.

संक्रांत झाली आणि पाठोपाठ कोपऱ्यावरच्या तानाबाईकडं सत्यनारायण झाला. तानाबाईनं सवाष्णींच्या ओट्या भरल्या. गवराबाईच्या ओटीत नारळ पडला, तांदूळ पडले आणि वर अंजिरी खण पडला. पिवळी बारीक नक्षी. तिनं तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत, आतला कोपरा उलटला. तीन गाठी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रसादही न घेता ती तडक अंबूबाईच्या दारात. छबूबाई तानाबाईकडंच बसलेली, घरात अंबूबाई एकटी ज्वारी पाखडत होती. गवराबाईनं खण तिच्यासमोर फेकला.

"पुन्याला दोनदा पायपीट केली मी ह्यापायी! तुज्या आईची आठवन म्हनून आनला. आन् तू तानीच्या घरात टाकलास? समद्या चाळीनं टाकला, माजं काय गेलं न्हाई. पन तू?"

अंबूबाईनं सूप खाली ठेवलं. मग तिनं अंगावरचा पदर हळूच बाजूला केला. पोट दिसू लागलं होतं.

"पाचवा लागलाय, आक्का," ती म्हणाली. "आधीची दोन गेली. म्हनून कुनालाच सांगितलं न्हाई. तुमालाबी न्हाई."

"मग? त्याचा खनाशी काय संबंध?"

"तीन दीस उशाला घेऊन झोपले मी त्यो. आईच्या अंगाचा वास येतोय असं वाटायचं. मग शिवाया म्हनून घडी मोडली, तर कोपऱ्यात काळा दोरा. तीन गाठी." तिनं समोरच्या खणाचा कोपरा बोटानं दाखवला. "आक्का, समद्या चाळीला ठावं हाय. तुमच्या हरेक खनात काळ्या गाठी असत्यात. बाया म्हंत्यात, गवराबाई करनी करती. म्हनून तर कुनी शिवत न्हाई, घरातबी ठेवत न्हाई. मी आजवर भांडत आले त्यांच्याशी. म्हनायचे, आमच्या आक्का तसल्या न्हाईत. पन माज्याच खनात निगाल्या आन् माज्या पोटात जीव. तानाबाई म्हनली, आन हिकडं, जिचा हाय तिच्याच ओटीत परत घालते. काय करू मी?"

गवराबाईनं त्या गाठींवरून बोट फिरवलं. सोळा खण तिच्या डोळ्यांपुढून गेले. बोहारणीच्या पाटीतला आठवला. ज्या बायांशी तिनं बोलणं टाकलं होतं त्यांचे चेहरे आठवले. ती ज्याला बेपर्वाई समजत होती, ती भीती होती. आपल्याला बघून लेकरांना आत का ओढतात, हेही आज कळलं.

"करनी न्हवं गं," ती कशीबशी म्हणाली. "खून हाय ती. वळखायची खून. कोन ठेवतंय आन् कोन टाकतंय, ते कळावं म्हनून."

आता तरी अंबूबाईच्या जिवात जीव येईल असं तिला वाटलं. पण अंबूबाईचा उतरलेला चेहरा अधिकच उतरला.

"म्हंजे तुमी माजी परीक्षा घेतली," ती सावकाश म्हणाली. "करनी असती तर मी समजून घेतलं असतं, आक्का. मानसाला राग येतो, डोळ्यांत खुपतं. पन माज्या आईचा रंग आनलात आन् त्याच्यात पारख लावून ठेवलीत? मी आक्का म्हनते तुमाला."

 गवराबाई खण उचलून घरी आली.

पुढचे चार महिने दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या. पहाटे शेजारी जातं सुरू व्हायचं आणि गवराबाई अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायची. खुंटा अजून तोच होता, करकरत नव्हता. गेली तीन वर्षं रोज पहाटे आपली भेट त्या पोरीच्या हातात आहे, आणि आपण मात्र भेट म्हणून ती मोजलीच नाही, याची तिला लाज वाटली. एक दिवस तिनं खण काढला, गाठींचा कोपरा कात्रीनं कापून चुलीत घातला आणि उरलेल्या कापडाची तान्ह्या लेकरासाठी कुंची शिवली. कडेला पिवळी नक्षी बरोबर कपाळावर येईल अशी. शिवण संपता संपता बोटं शिवशिवली. एकच टाका, कुणाला दिसणारही नाही. तिनं दोरा तोडून सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली.

ज्येष्ठात अंबूबाईला मुलगी झाली. गवराबाईनं कुंची ज्योतीरामाच्या हाती पाठवली. पलीकडून काही निरोप आला नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. एव्हाना कुंची बोहारणीकडं गेली असेल, नाहीतर छबूबाईनं तिसऱ्याच घरी दिली असेल, असं गवराबाईचं मन दर तासाला नवं काहीतरी सांगायचं. सवय ती, एका दिवसात थोडीच जाते.

बाराव्या दिवशी छबूबाई दारात उभी राहिली. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "बारशाला बलावलंय. मी न्हाई, तिनं."

गवराबाई आत गेली. तानाबाईनं आपलं लेकरू मांडीवर ओढून घेतलं. गवराबाईनं कुणाकडं न बघता पाळण्यात बघितलं. मूठभर पोर, आणि डोक्यावर अंजिरी कुंची.

अंबूबाईनं कोनाड्यातून काळ्या दोऱ्याची गुंडी काढली आणि गवराबाईच्या हातात दिली.

"आक्का, पोरीच्या मनगटाला दृष्टीचा दोरा बांधायचाय. तुमी बांधा."

"अगं ए!" छबूबाई ओरडली. "घरात काय दुसरी सवाशीन न्हाई?"

"हायत की, आत्याबाई. पन आक्काच्या गाठी सुटत न्हाईत," अंबूबाई म्हणाली आणि चुलीवरच्या घुगऱ्या हलवायला पाठ फिरवून बसली.

गवराबाईच्या मनात पहिला विचार तोच आला, ही आता माझी परीक्षा घेते की काय? तिनं अंबूबाईच्या पाठीकडं बारकाईनं बघितलं. सगळ्या बायांचे डोळे आपल्या बोटांवर खिळलेत हे तिला कळत होतं. एकटी अंबूबाई बघत नव्हती. तिनं पळीनं घुगऱ्या ढवळल्या, एक दाणा चाखला, मीठ घातलं. एकदासुद्धा मान वळवली नाही.

गवराबाईनं ते चिमणं मनगट हातात धरलं आणि तीन गाठी मारल्या. डोळ्यांतलं पाणी दोऱ्यावर पडलं, त्यामुळं तिसरी गाठ जरा सैल बसली. ती तिनं तशीच राहू दिली.