गाव लिवजो

भंडारा जिल्ह्यातल्या सगळ्या पाट्या माझ्या काकाजींच्या ताब्यात दिल्या असत्या, तर निम्म्या तरी त्यांनी त्याच दिवशी उपटून फेकल्या असत्या. माणसाचं नाव चुकलं तर ते हसून सोडून देत. वस्तीला चुकीचा शब्द लावला की मात्र त्यांना घास गिळवत नसे.

काकाजी म्हणजे माझे धाकटे चुलते. अड्याळपासून थोडं आत, तेवीस घरांच्या एका टोलीत ते आणि काकू राहत. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कोतवाल म्हणून त्यांनी आयुष्यभर पटवाऱ्याचं दप्तर डोक्यावर वाहिलं होतं, आणि त्यातले शब्द कधीतरी झिरपून आत उतरले असावेत. ज्याला गुरं जमवायचा आपला आखर, आपला पाटील आणि आपला मसनवटा आहे ते गाव. यातलं एक जरी शेजाऱ्याकडून उसनं घ्यावं लागलं की ती टोली. जिथं बाजार भरतो तो कसबा. आणि शहर? "जिथं पानठेल्यावर उभं राह्यलं तरी 'तू कोनाचा बे?' असं कोनी इचारत नाही, ते शहर." या हिशेबानं भंडाऱ्यालाही ते शहर मानायला तयार नव्हते, कारण तिथल्या तिन्ही पानठेल्यांवर त्यांना ओळखत. एकदा नागपूरहून आलेल्या लग्नपत्रिकेत 'उपनगर' हा शब्द होता. काकाजींनी पत्रिका दोनदा वाचली. म्हणाले, "उपासाच्या दिवशी जेवन नसते, तसं उपनगरात नगर नसते." आणि त्या लग्नाला गेले नाहीत. अड्याळच्या स्टँडवर कंडक्टर "चला, गाव आलं, उतरा" म्हणाला, तर हे जागेवरच बसून. "गाव नाही, कसबा म्हन." शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "बुढेबाबा, कसबा म्हना का कलकत्ता म्हना, पन उतरा नं जी!"

हे सगळं मी हसत सांगतो. पण माझ्या सोयरिकीच्या बैठकीत मला हसू आलं नव्हतं. मी तेव्हा नुकताच एका सरकारी कचेरीत कारकून लागलो होतो. सासरच्या मंडळींना मी ऐटीत सांगितलं की मी शहरात राहतो. काकाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "शहरात नाही जी, लेआउटात. चार खुंट्या हायेत अन् एक बकरी. तेही बकरी दुसऱ्याची." बैठक खदखदून हसली. सोयरीक जमली, पण तो हशा माझ्या मनातून गेला नाही.

पुढे ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात वस्त्यांचे तक्ते भरायचं काम माझ्याकडे आलं. जे गाव, त्याला बोरिंग मिळणार होती. टोलीला स्वतंत्र बोरिंग नव्हती. तिनं मूळ गावाचं पाणी भरायचं. काकाजींच्या टोलीचं मूळ गाव मैलभर लांब, म्हणून टोलीतल्या बायका तेव्हा धानाच्या बांध्यांमधल्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी पीत. म्हशी लोळत त्याच बोडीचं. मी तक्ता घेऊन गेलो तेव्हा काकाजींनी मला घरामागं नेलं.

"बाबू, गाव लिवजो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "काकाजी, मसनवटा कुठं आहे?"

"नाही ना."

"पाटील?"

"तुई काकी आता थकली रे. पान्याचा गुंड घेऊन मैलभर नाही जाऊ शकत. एक डाव लिव. मी कोनाले नाही सांगन."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चुकीचा शब्द मागितला होता, तोही माझ्याकडे. मी मान डोलावली आणि कचेरीत येऊन 'टोली' लिहिलं. साहेबांच्या भीतीनं लिहिलं, असं मी बायकोलाही सांगत आलो. पण साहेब कधी तक्ते वाचत नसत. लिहिताना मला ती बैठक आठवली होती, आणि बरं वाटलं होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

पावसाळ्यात टोलीत हगवण शिरली. काकूला बैलगाडीत घालून अड्याळच्या दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकाजींनी मला विचारलं, "काय लिवलं होतं, बाबू?"

"टोली."

त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "बराबर लिवलं," म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी कुणालाच अडवलं नाही. कंडक्टर काय वाटेल ते ओरडे, हे मुकाट्यानं उतरत. पोरं मुद्दाम छेडत, "काकाजी, आपली टोली नगर झाली म्हनते!" तर हे नुसती मान हलवत. लोक म्हणत, बुढा निवला. मला ते बघवत नसे. दोन-तीन वर्षांनी एकदा मी समोर बसून जाणूनबुजून म्हणालो, "काकाजी, अड्याळ आता मोठं शहर झालं." मला वाटत होतं, त्यांनी बशी आपटावी, मला चारचौघांत पुन्हा हास्यास्पद करावं.

"हो," ते म्हणाले. "झालं असंन."

मग उठले आणि कोपऱ्यातल्या माठातून मला लोटाभर पाणी आणून दिलं.

"पे, गावातलं हाये. सकाळी मीच आनलो."

त्यांच्या पायांकडे न बघता मी ते सगळं प्यालो.