मामांनी मागितलेलं पोस्ट

टपाल खात्यावर आमच्या मामेसासऱ्यांनी जितका जीव टाकला, तितका खुद्द टपाल खात्यानेही कधी टाकला नसेल. मूळचे साताऱ्याकडचे, जन्मभर मसाला मार्केटात माथाडी म्हणून पोती वाहिलेले हे गृहस्थ मामी गेल्यापासून रोज सकाळी आमच्या सानपाड्याच्या पोस्टात जाऊन बसत. पोस्ट म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. खिडकीमागच्या बाई त्यांची विचारपूस करत, रांगेतल्या लोकांशी गप्पा होत, आणि मामा जेवायला घरी येत ते जरा माणसात आल्यासारखे.

मग हे पोस्ट बंद होणार अशी कुणकुण लागली. गिऱ्हाईक वाढलं की दुकान बंद होत नाही, हा मामांचा मार्केटातला अनुभव. त्यांनी पार्सलं धाडायचा सपाटा लावला, आणि तीही सगळी मला, मी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात काम करतो तिथल्या पत्त्यावर. सोमवारी डाव्या पायाची चप्पल आली, गुरुवारी उजव्या पायाची. मध्ये एका खोक्यात नुसता नारळ. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा काय जोडधंदा काढलाय? मलाच काही ठाऊक नव्हतं. मामांना विचारलं तर म्हणाले, दोन्ही चपला एकदम पाठवल्या असत्या तर पार्सल एकच झालं असतं. चपला मात्र मापाच्या होत्या, मी अजून वापरतो.

पार्सलं वाढली म्हणून की कशामुळे कोण जाणे, एके दिवशी खात्याचे दोन साहेब टेप घेऊन जागा मोजायला आले. पोस्ट आधुनिक करायचं होतं. मामा तिथं होतेच, आणि ओझ्याचा विषय निघाल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. गाडी मागे लावायला जागा नाही, माल आत घ्यायला चढ नाही, दार अरुंद, यंत्रं बसवायची तर थ्री-फेज लाइन पाहिजे, बाईंना एसी पाहिजे. साहेब प्रत्येक मागणीला मान डोलवत होते. त्या संध्याकाळी मामांनी आमच्या मजल्यावर पेढे वाटले. महिन्याभरात सगळा कारभार पार लांब द्रोणागिरीच्या नव्या पार्सल केंद्रात गेला, बाईंची बदलीही तिकडेच झाली, आणि गाळ्यांना कुलूप लागलं.

मामा पार गोंधळले. मीही. मागितलेलं सगळं मंजूर झालं होतं आणि पोस्ट गेलं होतं. तक्रार करायची तर कशाची, हेच आम्हाला सुचेना.

परवा मी रजा काढून त्यांना द्रोणागिरीला घेऊन गेलो. भलंमोठं शेड, ट्रक वळवायला मैदान, सिमेंटचा चढ, पट्ट्यावरून आपोआप सरकणारी खोकी. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, कोणाला भेटायचंय? मामांना बाईंचं नाव माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते त्यांना बाईच म्हणत होते. आत सोडलं नाही. मग मामा फाटकाच्या गजांतून बराच वेळ तो चढ न्याहाळत उभे राहिले आणि मला त्यांची फार माया आली. परतीच्या वाटेवर पाम बीच रोड लागला.

तेव्हा मामा म्हणाले, "पाव्हणं, समदं दिलंय बघा त्यांनी. मागण्यात आपलं कायबी चुकलं न्हाई. फकस्त मला बसायला जागा मागायची ऱ्हायली."