मास्तरांची डबल बेल

"पुढं सरका, पुढं लई जागा हाय."

दारातून आत आले की मास्तर पहिलं हे वाक्य म्हणायचे. मग खाकी शर्टाच्या खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढून दाराच्या लोखंडी चौकटीवर दोनदा टिकटिक करायचे आणि माणसांतून वाट काढत थेट सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहायचे. त्यांच्या मागून कुणी आलं तर आलं, नाहीतर ते एकटे.

तुम्ही आमच्या नगरसारख्या शहरात रॉकचा छोटा कार्यक्रम ऐकायला गेला असाल, तर ती मधली रिकामी जागा तुम्हीही पाहिली असेल. पोरं समोर गिटार अडकवून उभी असतात, ऐकणारे तीस-चाळीस जण मागच्या भिंतीला टेकलेले असतात आणि मधे दहा-बारा फूट फरशी उघडी पडलेली असते. वरातीत रस्ताभर नाचणारी माणसंसुद्धा इथे हाताची घडी घालून उभी राहतात. आमच्याकडे ती फरशी पहिल्यांदा ओलांडली ती एका एसटी कंडक्टरने. त्यांच्याबद्दल मला थोडं लिहायचं आहे, आणि त्यात माझ्या एका कर्तबगारीबद्दलही लिहावं लागणार आहे.

मी सावेडीत संगणकाचा क्लास चालवतो. रेकॉर्डिंग हा माझा रविवारचा नाद. आमचे कार्यक्रम एका नाचाच्या क्लासच्या हॉलमध्ये होतात. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे, त्यामुळे ड्रमचा आवाज आदळून परत येतो, म्हणून आम्ही त्यांच्यावर सतरंज्या टांगतो. वेळ दुपारी तीन ते सहा. निम्मी पोरं संगमनेर, नेवासा, श्रीरामपूरकडची. त्यांना परतीची एसटी गाठायची असते. पुण्याची पोरं या वेळेला हसतात, पण आमचं रॉक एसटीच्या वेळापत्रकावर चालतं, त्याला इलाज नाही.

मास्तर आमच्यात आले तेही एसटीमुळेच. संगमनेरची एक टोळी सगळा ड्रमसेट घेऊन त्यांच्या गाडीत चढली होती. मोठे ड्रम डिकीत गेले, पण वाजवणाऱ्या पोराने झांजा काही हातातून सोडल्या नाहीत. मास्तरांनी विचारलं, एवढी ताटं घेऊन कुणाकडे जेवायला निघालात? पोराने पिशवी उघडून एक झांज बोटाने वाजवून दाखवली. मास्तरांनी म्हणे ती पूर्ण विरेपर्यंत ऐकली आणि मगच तिकीट दिलं. उतरताना हॉलचा पत्ता विचारून घेतला. पुढच्या महिन्यात, रविवारची ड्युटी सकाळी संपवून, ते दारात हजर.

वय पंचावन्नच्या पुढे. मूळचे पारनेर तालुक्यातले. अंगात गणवेश, पायात चपला. पोरांना वाटलं आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलंय, आणि एकाने तर घाईघाईने आवाज कमी केला. मास्तर म्हणाले, "कमी नका करू. आमी रोज इंजिनापशी बसतो."

ते नाचायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. दोन्ही पाय फाकवून, एक हात वर करून उभे राहायचे. वर दांडी नसायची, पण हात आपला सवयीने तिथे जायचा. गाणं कळतं का, असं मी एकदा विचारलं. सगळं कळत नाही म्हणाले, पण पोरं खरं बोलतात की उगाच ओरडतात एवढं कळतं. हे त्यांचं कळणं फारसं चुकायचं नाही, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

आता चिमट्याचं सांगतो. डेपोत तिकिटाची मशिनं आली तेव्हा मास्तरांनी आपला चिमटा रीतसर जमा केला. पण हाताला चैन पडेना, म्हणून जुन्या बाजारातून दुसरा शोधून आणला. "हा सरकारी न्हाई बरं का," असं ते न विचारता सांगायचे. एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे तुम्हाला माहीत आहे. एकदा दोन गाण्यांच्या मधे पोरं उगाच तारा पिळत बसली होती. मास्तरांनी कंटाळून चिमटा दोनदा वाजवला. सगळे हसले आणि ड्रमवाल्याने खरोखरच गाणं सुरू केलं. तेव्हापासून रीतच पडली. बाहेरगावची पोरंसुद्धा तयार झाली की माईकवरून म्हणायची, "मास्तर, डबल द्या." मास्तर डबल द्यायचे आणि गाणं सुटायचं.

मला मात्र ती टिकटिक आवडत नसे. माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तोंडाशी ती यायची. मला स्वच्छ आवाजाचा रोगच आहे म्हणा ना. खोकला, खुर्चीची करकर, पंख्याची घरघर, सगळं मी घरी बसून वेचून काढतो, आणि काम झालं की कच्ची फाईल त्याच दिवशी पुसून टाकतो. क्लासचे संगणक विद्यार्थ्यांच्या फायलींनी तुंबलेले असतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे माझा स्वभाव.

नेवाशाची एक मुलगी पहिल्यांदा गायला आली तो रविवार मला आठवतो. फार्मसीला होती. घरी काय सांगून आली होती कोण जाणे. गिटारवर दोन ओळी वाजवल्या आणि ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, पण कुणी काही बोललंही नाही, आणि ते जास्त वाईट होतं. ती गिटारचा गळ्यातला पट्टा काढायला लागली.

तेव्हा मास्तर दोन पावलं पुढे गेले. चिमटा अगदी हळू, दोनदा वाजवला, आणि लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "चला."

ती गायली. आमच्या त्या हॉलमध्ये तसं गाणं त्याआधी झालं नव्हतं. संपल्यावर लोक टाळ्या वाजवत आपोआप पुढे आले आणि पहिल्यांदा ती फरशी भरली. मास्तर मात्र चिमटा खिशात टाकून बाजूला उभे राहिले होते.

त्या रात्री मी ते गाणं साफ केलं. आधीचे दोन फसलेले प्रयत्न कापले, शांतता कापली, टिकटिक कापली, "चला" कापलं. गाणं थेट पहिल्या सुरावर सुरू होईल असं केलं, कच्चं पुसलं आणि सकाळी इंटरनेटवर टाकलं. ते बरंच गाजलं. बाहेरगावाहून तिला विचारणा झाली. मी खूश होतो.

चार दिवसांनी दुपारी मास्तर क्लासवर आले. सोबत त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होता. मास्तरांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं होतं की त्या गाण्यात आपलाही आवाज आहे. मी हेडफोन दिला. आधी त्यांनी तो ड्रायव्हरच्या कानाला लावला, मग काही गडबड आहेसं वाटून स्वतःच्या. शेवटपर्यंत ऐकलं.

"सर, सुरवातीचं कुठंय?"

मी सांगितलं की तो भाग खराब होता, साफ करावा लागला. सांगताना मी शिकवायच्या आवाजात बोलत होतो, हे मला आजही आठवतं आणि लाज वाटते. मास्तरांनी हेडफोन दोन्ही हातांनी काढून जपून टेबलावर ठेवला. "व्हय, खराबच हुता," म्हणाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला, गाडीची येळ झाली." ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला होता.

मास्तर रुसून बसणारे नव्हते. पुढच्या कार्यक्रमाला आले, "पुढं सरका" म्हणाले, पुढे जाऊन हात वर करून उभे राहिले. पण पोरांनी डबल मागितली तेव्हा म्हणाले, चिमटा घरी राहिला. तो शर्टाच्या खिशात होता. खिसा लोंबलेला मला मागून दिसत होता.

असे तीन कार्यक्रम गेले. शेवटी चहाच्या गाडीवर मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "मास्तर, चूक झाली माझी."

"चूक कसली? पोरीचं गाणं ऱ्हायलं ना? मंग झालं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता समदं रेकॉर्ड व्हतंय. मधी आपला खराबा कशाला?"

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की वाजवा, बिनधास्त वाजवा. मी नुसतं "बरं" म्हणालो. खरं सांगायचं तर त्या तीन कार्यक्रमांची रेकॉर्डिंग फार स्वच्छ आली होती आणि ती मला आवडली होती. चहा संपला, मास्तर गेले. ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

थंडीत एका पहाटे ड्युटीला निघायच्या तयारीत असताना ते घरीच गेले. हृदयविकाराचा झटका. मला ड्रायव्हरकडून कळलं. दहाव्याला गावी गेलो तेव्हा काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, मला ओळखलं. "तुमीच का गान्याचे सर?" म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मास्तरांचा मोबाईल त्यांच्याकडेच होता आणि ते गाणं त्यात होतं.

"रोज सकाळी ऐकायचे," काकू म्हणाल्या. "आदी खाटंच्या दांडीवर चिमटा दोनदा वाजवायचे, मंगच गानं लावायचे. मी म्हनलं, हे काय खूळ? तर म्हनले, डबल दिल्याबिगर गाडी हलत न्हाई."

मला तिथे बसवेना. चपला घालून बाहेर आलो आणि गोठ्याच्या भिंतीमागे उभा राहून रडलो. मी कापलेली जागा तो माणूस रोज सकाळी आपल्या हाताने भरत होता. मला एका शब्दाने कधी बोलला नाही.

नेवाशाच्या त्या मुलीचा फोन आला. तिला मूळ रेकॉर्डिंग हवं होतं, मास्तरांच्या आवाजासकट. "चला" एकदा ऐकायचं होतं. ते आता कुठेच नाही, हे मला तिला सांगावं लागलं. जुना संगणक मी दुरुस्तीवाल्याकडेही नेऊन आणला होता. काही निघालं नाही. तिने विचारलं, "सर, पुसलं?" मी हो म्हणालो.

गेल्या महिन्यात तिचा पुन्हा आमच्याकडे कार्यक्रम झाला. तिच्या नावाला आता साठ-सत्तर माणसं येतात. दारात कुणी काही म्हणालं नाही. माणसं भिंतीला टेकली आणि मधली फरशी उघडी राहिली. ती तेच गाणं गाणार होती. गिटार जुळवली, माईकपाशी आली आणि थांबली. या वेळी तिचा हात पट्ट्याकडे गेला नाही. ती त्या रिकाम्या फरशीकडे बघत वाट पाहत होती. पोरांना कळलं. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं, पंखा घरघरत राहिला, खाली रस्त्यावरून एक एसटी गेली. मग तिने स्वतःशीच मान हलवली आणि गायला लागली.

ते रेकॉर्डिंग मी टाकलं आहे. ऐकलंत तर आधी बराच वेळ नुसता पंखा, खोकला आणि लांबून जाणारी गाडी ऐकू येईल. आवाज बंद पडलाय असं वाटेल, चार-पाच जणांनी मला तसं कळवलंही. थोडा वेळ थांबा, मग गाणं सुरू होतं. तेवढं मी कापलेलं नाही.