बुधवारची ओ.डी.

आमच्या ऑफिसात अजून मस्टरवर सही चालते, आणि ते मस्टर माझ्या टेबलावर असतं. अंबरनाथच्या या कारखान्यात अ‍ॅडमिन सांभाळताना माझी निम्मी नोकरी लोकांच्या सह्यांवर डोळा ठेवण्यात गेली. कंपनीच्या कामाने बाहेर गेलेल्याच्या रकान्यात मी ‘ओ.डी.’ लिहायचं, म्हणजे त्याची हजेरी लागते. माझ्या अक्षरावर कुणी शंका घेत नाही.

घरून काम करणाऱ्यांना परत बोलावलं आणि ऑफिसात दोन तट पडले. लॉकडाऊनमध्येही रोज येणारे दुसऱ्यांना ‘घरी बसलेले’ म्हणायला लागले. ते त्यांना झोंबलं. डबेसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर उघडायला लागले. साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बघून घ्या." काय बघायचं, ते त्यांनाही माहीत नसावं.

परचेसमधली मुलगी चिखलोलीला राहते, गाडीने दहा मिनिटं. वडिलांना अर्धांगवायू, घरात ही एकटी, आणि त्यांना सांभाळणारी बाई बुधवारी येत नाही. "मॅडम, तेवढा एक वार घरून करू का?" तिने सरळ विचारलं. साहेबांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. मी नको तो शहाणपणा केला. दर बुधवारी तिच्या नावापुढे ओ.डी. लिहायला लागले.

पाचव्या बुधवारी डिस्पॅचच्या काकांनी ते पकडलं. हे काका लॉकडाऊनभर उल्हासनगरच्या कॅम्प दोनहून सायकल मारत कामावर आलेले, स्कूटर नंतर घेतली. त्यांनी मस्टर माझ्याकडे फिरवलं आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"ही कुठे जाते दर बुधवारी?"

"काका, तिच्या घरी अडचण आहे."

"माझी बायको ऑक्सिजनवर होती तेव्हा मी दोन दिवस मागितले होते. तुम्ही बोललात, बिनपगारी घ्या. हे बराबर नाय, मॅडम."

खरंच तसं बोलले होते मी. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागच येतो. "ठीक आहे, पुढच्या आठवड्यापासून बंद," असं म्हणून मी मोकळी झाले. मोकळी कसली! मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली आणि काका तर आणखीच गप्प झाले. त्यांना तिचा बुधवार काढून घ्यायचा नव्हताच. त्यांच्या बायकोच्या वेळी मी चुकले, एवढं त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मला ते कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती वेळेवर आली. घरी एक मोबाईल लावून ठेवला होता, त्यामुळे इथल्या मोबाईलवर वडिलांची खाट दिसायची. साडेअकराच्या सुमाराला ते उशीवरून घसरले आणि मान खाटेच्या कडेवरून खाली लोंबली. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे होती, त्या फोन उचलेनात. तिच्या टेबलाभोवती सगळे जमले, दोन्ही तटांतले.

"मॅडम, जाऊ मी?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. ती आत्ता गेली तर ते कारण विचारणार, मग मागची पानं उलटणार, आणि तिथे माझ्या अक्षरात चार-पाच खोट्या ओ.डी. माझी नोकरीच जायची. मी म्हणाले, "अर्ज लिही. सही घेऊन देते."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. काकांनी हेल्मेट उचललं. "अर्ज राहू दे गं पोरी. चल, खाली माझी स्कूटर आहे." दोघं गेली. मलाही त्यांच्या मागे जावंसं वाटलं. मी मस्टरवर हात ठेवून बसून राहिले.

अर्ध्या तासाने काकांचा फोन आला, डिस्पॅचच्या टेबलावर. वडील ठीक होते. ज्याने फोन घेतला त्याने एकेका टेबलाशी जाऊन सगळ्यांना सांगितलं. माझ्या टेबलाशी तो आला नाही, मी कानांवर आलं तेवढं ऐकलं.

मग साहेब बाहेर आले आणि दोन रिकाम्या खुर्च्या बघून त्यांनी मला विचारलं, "ही दोघं कुठे गेली?"

ऑफिसातला एकेक माणूस काम थांबवून ऐकत होता.

"न सांगता गेली, सर," मी म्हणाले.