मागच्या भिंतीचा गिलावा

गवंड्यानं मला चार वेळा टांग दिली आणि पाचव्या वेळी मी म्हटलं, गेला खड्ड्यात, माझी मी करते. तिथून सगळं सुरू झालं.

नाशकात मखमलाबादकडच्या बाजूला आमचं घर होतं. मागे छोटीशी बाग आणि बागेला आधीच्या मालकानं बांधलेली विटांची भिंत. पुरुषभर उंच, पंधरा-वीस पावलं लांब. विटांना लोणा लागला होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल भुगा पडायचा, पण तेवढं मी चालवून घेतलं असतं. त्या एप्रिलात मात्र दोन विटांच्या फटीतून एक विंचू निघाला आणि मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आला. माझी नणंद पहिलटकरीण, आषाढात तिचे दिवस भरत होते आणि ती बाळंतपणाला आमच्याकडेच यायची होती. घरात तान्हं पोर आणि मागे विंचवांची वसाहत, हे मला चालणार नव्हतं.

नव्वदीच्या अखेरची ही गोष्ट. नवरा नोकरीला येवल्याला, शनिवारी एसटीनं यायचा आणि सोमवारी पहाटे परत. तो म्हणाला, "पावसाळ्यानंतर बघू." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, अजूनही फिरतं. मी शाळेत शिक्षिका, मे महिन्याची सुट्टी लागलेली, हातात वेळ आणि नाकावर राग. मग काय, भिंतीला गिलावा करून सगळ्या फटी बुजवूनच दाखवायच्या असं ठरवलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. सासरे गेल्यावर त्या सायखेड्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आमची भांडणं नव्हती, पण मेतकूटही नव्हतं. स्वयंपाकघर माझं होतं आणि त्यात त्यांनी हात घातलेला मला खपायचा नाही. त्या गुपचूप बागेत जाऊन बसायच्या. गावाकडे त्यांना फार मान होता, तो एका कामामुळे. भावकीतलं कुठलंही बाळ जन्माला आलं की पहिले चाळीस दिवस त्याला न्हाऊ घालायला आत्याच लागायच्या. पाय लांब सोडून बसायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायच्या, तेल जिरवायच्या, आणि रडून लालबुंद झालेलं पोर त्यांच्या हाताखाली शांत व्हायचं म्हणे. आता पोटच्या लेकीचं बाळ येणार होतं. त्यांनी चैत्रातच जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. नाशकात आल्यापासून त्यांना कशाची वाट बघताना मी पहिल्यांदाच बघत होते.

सिमेंट आणायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, स्वतः करणार? मग रबरी हातमोजे न्या. सिमेंट हात खातं. किती जोड देऊ?" मी म्हटलं, एक. तोपर्यंत मी प्रामाणिक होते, करणारी मी एकटीच होते.

पहिल्या दिवशी सकाळी सांध्यातली भुसभुशीत माती खरवडली, तारेच्या ब्रशनं विटा घासल्या, भिंत पाणी मारून भिजवली, वाळू चाळली. इथपर्यंत सगळं झकास. मग माल कालवून थापीनं भिंतीवर मारायला लागले आणि माझी पुरती फजिती झाली. निम्मा माल चपलांवर. जो चिकटला तो घटकाभरानं पोपडा धरून खाली. गवंडी मनगटाचा एक झटका देतो ना, तो झटका मला काही केल्या जमेना. घामानं नि संतापानं मी रडकुंडीला आले होते.

आत्या पेरूच्या झाडाखाली बसून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं बाई, काय थापतीस हे? भाकरी हाय का ती?"

"मग तुम्ही करून दाखवा!" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

त्या उठल्या, पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि सरळ घमेल्यात हात घातला. आयुष्यभर शेणामातीनं भिंती सारवलेल्या बाईचे हात ते. तळव्यावर माल घ्यायचा, भिंतीवर दाबायचा आणि अर्धगोल फिरवत वर न्यायचा. माल जागचा हलत नव्हता. वर पुन्हा ओला तळवा फिरवून असा काही गुळगुळीत करायच्या की मी बघतच राहिले. "लय सोपं हाय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

त्यांनी सिमेंटला माती समजून हात घातला. मला मात्र ती माती नाही हे ठाऊक होतं. दुकानदाराचं बोलणं माझ्या कानात होतं, मोजे माझ्या हातात होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी का नाही बोलले, याची मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. त्या ऐकणार नाहीत असं वाटलं. मोज्यांनी असं सारवता येणार नाही असं वाटलं. खरं सांगायचं तर माझं काम भराभर उरकत होतं. एवढंच होतं ते. मी माल कालवत होते, त्या सारवत होत्या आणि दुपारपर्यंत निम्मी भिंत झाली होती.

संध्याकाळी मोरीवर हात धुताना आत्या म्हणाल्या, "चुरचुरतंय गं जरा. माती अशी चावत नाय."

मी ऐकलं. बघितलंही. बोटांची टोकं लाल झाली होती आणि तळव्यावर सुईनं टोचावं तसे बारीक पांढरे खड्डे पडले होते. मी म्हटलं, "खोबरेल लावा थोडं." आणि बाहेर जाऊन उरलेली भिंत पावलांनी मोजली. गुरुवार होता. शनिवारी नवरा यायच्या आत पूर्ण करून त्याचं तोंड बंद करायचं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. कसलं ते खूळ! पण त्या वेळी जगात त्याहून मोठं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उरलेली भिंत झाली. त्या दुपारी जेवताना मी मिरचीचा ठेचा वाढला तर आत्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि दहीभात मागितला. वर चमचाही मागितला. हातानं जेवणारी बाई, चमचा कधी तोंडाला लावला नव्हता. तेही मला दिसलं. मी चमचा दिला आणि म्हटलं, "चला आत्या, ऊन उतरायच्या आत वरची पट्टी उरकू."

शनिवारी नवरा आला, भिंतीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मानलं बुवा तुला!" मी हसले. आत्यांनी केलंय असं म्हटलं मी, अगदीच काही नालायक नाही मी. पण त्या भिंत बघायला बाहेर आल्या नाहीत. पदरात हात गुंडाळून पलंगावर बसल्या होत्या. पदर सोडवला तेव्हा बघवेना. टोकं सोलवटलेली, पेरं चिरलेली, तळव्यावरच्या खड्ड्यांतून पाणी येत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "मोजे नव्हते का?" माझ्याकडे बघूनच विचारलं. आत्या म्हणाल्या, "मला कुठं जमायचंय मोज्यांचं, डॉक्टर." त्यांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की काहींच्या कातडीला सिमेंट कायमचं वैरी होतं, जखमा भरतील पण हात पहिल्यासारखे होतील याची खात्री नाही, आणि तेल, पीठ, साबण, गरम पाणी, सगळं महिनोन् महिने बंद. आत्यांनी एवढंच विचारलं, "आषाढात नात-नातू व्हायचंय. न्हाऊ घालता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी."

वाटेत रिक्षात त्यांनी हात पुन्हा पदरात गुंडाळून घेतले.

आषाढात नातू झाला. आत्यांचे हात तोवर भरले होते, पण कातडं जाड, पांढरट आणि भेगाळलेलं. ओलं लागलं की भेगा पुन्हा उघडायच्या. कापडावरून हात फिरवला तर धागे अडकायचे. बाळाला घ्यायचं असलं की त्या आधी हातांवर मऊ लुगड्याचं दुपटं पसरायच्या आणि मग त्यावर त्याला घ्यायच्या. उघड्या हातानं त्या त्याला शिवल्या नाहीत.

न्हाऊ मी घातलं. पाय लांब सोडून मी पाटावर बसायचे आणि आत्या बाजूला बसून सांगायच्या. मान धर. अंगठा पाठीवरनं खाली. जोर नको करू, त्याला कळू दे तू हाईस ते. पोर असं किंचाळायचं की शेजारीण डोकावून जायची. आत्यांचे हात मांडीवरून उचलले जायचे आणि पुन्हा मांडीवर यायचे. चाळीस दिवस मी ते बघितलं.

एकदा नणंद चिडून म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलं होतं गं त्या भिंतीत हात घालायला?"

मी दारात गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभी होते.

आत्या म्हणाल्या, "मलाच खाज! वहिनी नको म्हणत व्हती तुझी. मी ऐकते व्हय कुणाचं?"

नणंद माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही तरी हिला ओढून न्यायचं ना." एवढी तोंडाळ बाई मी, मुख्याध्यापकांना वर्गात सुनावलेलं आहे मी, आणि त्या दिवशी तोंडातून एक अक्षर निघालं नाही. पाणी घंगाळात ओतलं आणि आत गेले.

त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. नातू शाळेत जायला लागला. आत्यांचे हात दर थंडीत फुटायचे आणि मी रोज दुपारी ओट्यावर बसून त्यांना मलम लावायचे. स्वयंपाकघरातलं माझं-तुझं कधीच संपलं होतं. त्या सांगतील ती भाजी व्हायची. लोक म्हणायचे, काय सून आहे! ते ऐकलं की मी विषय बदलायचे.

अशाच एका दुपारी, मलम लावता लावता, मी बोलले. "आत्या, तुम्ही त्या दिवशी चुरचुरतंय म्हणालात ते मी ऐकलं होतं. सिमेंट हात खातं हेही मला माहीत होतं. दुकानदारानं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही." पुढे मला रडू आलं.

त्यांनी हात काढून घेतला नाही. म्हणाल्या, "मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुला म्हाईत व्हतं ते. भर उन्हात रबरात हात कोण घालून घेतं उगाच? पहिल्या सांजंलाच कळलं मला."

"मग दुसऱ्या दिवशी तुम्ही का आलात? थांबायचं ना!"

"थांबले व्हते की. घमेल्यापाशी, हात घालायच्या आधी. म्हटलं, आता म्हणील, आत्या, ऱ्हाऊ द्या. तू म्हणाली असतीस ना, तरी घातला असता मी हात. कामाचं भ्या नव्हतं मला. पण तू नाय म्हणालीस." मग दुसरा हात पुढे करून म्हणाल्या, "ह्याला लाव आता."

त्या शुक्रवारचं मला पुष्कळ आठवतं. किती घमेली माल लागला, ऊन कुठपर्यंत आलं होतं, वरच्या पट्टीला शेवटी वाळू कमी पडली आणि मी कशी चिडले होते, सगळं. आत्या घमेल्यापाशी थांबल्या होत्या, ते आठवत नाही. खूप आठवून बघितलं. मी भिंतीकडे बघत असणार.