लई बाळसं धरलंय!

खानापूरकडच्या वाडीत पोरांची वजनं करणाऱ्या नर्सबाईंना सगळे आक्काच म्हणत. गुटगुटीत पोर काट्याला टांगलं की त्या ओरडायच्या, "निस्तं हाडकुळं हाय गं!" आणि सुकलेलं आलं की, "लई बाळसं धरलंय!"

मी तपासणीला आलेला बेळगावचा साहेब. ‘बाईंना वजन कळत नाही’ असा शेरा मी ऐटीत मारला.

"साहेब," आक्का म्हणाल्या, "चांगल्याला चांगलं म्हटलं तर आया दृष्टीला भ्यात्यात. सुकलेल्याला सुकलं म्हटलं तर लाजून परत येत न्हाईत. खरं वजन वहीत हाय."

मी शहाण्यासारखी मान हलवली.

पुढच्या खेपेला माझी तान्ही लेक सोबत नेली. आक्कांनी तिला उचललं. "लई बाळसं धरलंय की!"

टिळकवाडीतल्या घरी पोचेपर्यंत मी फुगलो होतो. बायकोला सांगायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.